परिचारिकेची परतवाट

इंग्रजीतला ‘नर्स’ हा शब्द मुळात तान्ह्या मुलाला दूध पाजणाऱ्या दाईचा. लॅटिनमधील पोषणवाचक धातूपासून तो आला. ज्या व्यवसायाचे नाव असे मातृत्वातून उगवले, त्या व्यवसायाने मात्र दीर्घकाळ माता झालेल्या स्त्रीला दाराबाहेर ठेवले. मुले मोठी झाल्यावर रुग्णसेवेत परतू पाहणाऱ्या स्त्रीविषयी आपण बोलतो, तेव्हा तिच्या आत्मविश्वासाची, विसरलेल्या कौशल्यांची चर्चा होते. ती मुळात बाहेर का पडली, हा प्रश्न आम्हांला अधिक मोलाचा वाटतो.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रेरणेने शिक्षणवर्ग सुरू झाला. त्यातून घडलेली परिचारिका अविवाहित, वसतिगृहात राहणारी आणि मेट्रनच्या शिस्तीत वावरणारी होती. या रचनेने परिचारिकेला प्रतिष्ठा दिली, हे विसरता येणार नाही. पण त्या प्रतिष्ठेची किंमत तिचा संसार ही होती. लग्न म्हणजे राजीनामा, हा ब्रिटिश रुग्णालयांतील रूढ संकेत झाला. आपण आजही वॉर्डात ‘सिस्टर’ अशी हाक मारतो. त्या हाकेत मठवासी जीवनाची एक जुनी सावली आहे.

हे दार उघडले ते न्यायबुद्धीने नव्हे, गरजेने. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटनने नागरी परिचर्या राखीव दल उभारले, तेव्हा संसारात रमलेल्या जुन्या परिचारिकांची आठवण झाली. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि मनुष्यबळाचा तुटवडा अधिकच जाणवू लागला. विवाहित स्त्रियांना अर्धवेळ कामावर बोलावण्यात आले. त्या आल्याही, मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळत, अनेकदा रात्रपाळी पत्करून आल्या. परंतु अर्धवेळ काम करणारीला बढतीची वाट सहसा बंदच राहिली.

आपल्याकडे याच्या उलट दिशेचा एक प्रयोग घडला. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झाले आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या. परजातीच्या, परपुरुषाच्या शरीराला स्पर्श करण्याचे काम त्या काळच्या पांढरपेशा समाजाला मानवणारे नव्हते. म्हणूनच रमाबाईंचे धैर्य मोठे. येथे घर पाहिलेली, दुःख पाहिलेली स्त्री या व्यवसायाला अपात्र ठरली नाही. तिच्यासाठी संसारानंतरचे आयुष्य हीच सेवेची सुरुवात होती.

गरज तर आपल्यालाही होती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३,००० लोकांमागे एक प्रशिक्षित परिचारिका होती. अशा देशात शिकलेली एकही परिचारिका गमावणे परवडणारे नव्हते. तरीही लष्करी परिचर्या सेवेत १९७७ च्या एका आदेशानुसार लग्न हे सेवामुक्तीचे कारण ठरत होते. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये याच कारणाने सेवेतून काढण्यात आले. तो आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. पुढे लष्करी न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १४ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सेवामुक्ती बेकायदा व लिंगभेदमूलक ठरवली. त्यांना ६० लाख रुपये भरपाई मिळाली.

भरपाई मिळाली, परत येणे मात्र झाले नाही. मधली ३६ वर्षे कोणत्याही न्यायालयाला परत करता येत नाहीत.

आज परतणाऱ्या परिचारिकेला नवी यंत्रे, नवी औषधे शिकावी लागतात. ते योग्यच आहे, कारण प्रश्न रुग्णाच्या जिवाचा असतो. पण शिकण्याची अट एकट्या तिच्यावर घालून भागणार नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्र जागण्याचा अनुभव ती घरातूनही घेऊन आलेली असते. त्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे रुग्णालयांनीही कधीतरी शिकायला हवे.