पान लागलं!

रात्रीच्या वेळी सापाचे नाव घ्यायचे नाही, ही रीत कोकणात आहे तशी घाटावरही आहे. ‘जनावर’ म्हणायचे, ‘लांबडं’ म्हणायचे. कुणाला दंश झालाच तर आवाज खाली आणून सांगायचे, ‘पान लागलं’. हा शब्द रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या फुरशाला जेवढा चपखल बसतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच सापाला बसत नाही. फुरसे वीत-दीड वीत लांबीचे, मातकट तपकिरी, अंगावर फिकट नक्षी. काजूच्या पातेऱ्यात किंवा कातळावरच्या चिऱ्याखाली वेटोळे करून बसले की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. डिवचले तर अंगाचे खवले एकमेकांवर घासून तापल्या तव्यावर थेंब पडल्यासारखा आवाज काढते. पण तो ऐकू येईपर्यंत पाऊल बहुधा पडलेले असते आणि दंश होतो तो पायाला, बोटांपासून घोट्यापर्यंत कुठेतरी.

मग या पायाचे रक्षण लोकांनी कसे केले? जुने उत्तर म्हणजे काठी आणि आवाज. रात्री राखणीला जाणारा माणूस घुंगुरकाठी आपटत चाले. इंग्रजी अमलातले टपालाचे हरकारे भाल्याला किंवा काठीला घुंगरे बांधून रानवाटेने धावत, म्हणजे जनावराने वाटेतून बाजूला व्हावे. सापाला बाहेरचा कान नसतो, पण जमिनीतून येणारी कंपने त्याला नेमकी कळतात. थोडक्यात, घुंगरांपेक्षा काठीचा ठोकाच जास्त कामाचा. घुंगरांचा उपयोग चालणाऱ्याचा धीर टिकायला होत असावा आणि काळोख्या पाणंदीत तोही काही कमी नव्हे.

कोल्हापूरकडच्या पायताणाने हेच काम चामड्यावर सोपवले. तळाच्या थरांत कारागीर ‘विंचू’ बसवत आणि पाऊल टाकताच वहाण कर्रकर्र बोलू लागे. या करकरीने साप-विंचू दूर पळतात असे सांगितले जाई. पण गावातून कर्रकर्र चालत जाण्यात रुबाबही होता आणि घेणाऱ्याने पैसे बहुधा त्या रुबाबाचेच मोजले असणार. तसेही वहाणेने झाकला जातो तो तळवा. बोटे, पावलाची वरची बाजू आणि घोटा, म्हणजे फुरशाच्या तोंडाच्या उंचीवर असलेले सगळे, उघडेच राहते. शिवाय चामडे पावसात भिजून खराब होते, त्यामुळे मिरगाआधी चांगल्या वहाणा आढ्याला टांगल्या जात. नेमकी त्याच चार महिन्यांत बिळांत पाणी शिरून जनावरे बाहेर पडतात.

आणि वहाणा होत्या तरी कुणाच्या पायात? कातडे कमावणारे ढोर आणि वहाणा शिवणारे चांभार यांच्या कष्टावर गावाचे पाय झाकले जात. पण अस्पृश्य मानलेल्यांनी सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, अशी रीत अनेक गावांत होती. सर्पदंशाच्या इतिहासात ही गोष्ट सहसा येत नाही. ती यायला हवी, कारण रानात, गवतात, बांधावर सगळ्यात जास्त वावर याच पायांचा होता.

इंग्रज सरकारने वेगळाच रस्ता धरला. पाय झाकण्याऐवजी साप संपवायचा. सर जोसेफ फेअरर यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा मोठा सचित्र ग्रंथ १८७२ साली निघाला, तोपर्यंत मेलेल्या सापामागे बक्षीस देण्याची पद्धत रुळली होती. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांसाठी बक्षीस लावले तेव्हा सहा वर्षे दर वर्षी सरासरी सव्वादोन लाख फुरशी मारली गेली. एकदा तर अवघ्या आठ दिवसांत लाखाहून अधिक फुरशी कचेरीत जमा झाली. बक्षीस मोजणाऱ्या कारकुनासमोर लागलेला तो ढीग कल्पनेतच पाहावा. इतके होऊनही फुरसे रत्नागिरीतून हटले नाही, आजही कातळावरचा चिरा उचलताना तिथला माणूस आधी काठीने चाचपतो.

याच फुरशाला पुढे निराळी किंमत आली. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९५च्या सुमारास नागाच्या विषावरचे प्रतिविष तयार केले. मुंबईत परळच्या जुन्या राजभवनात वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा होती. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले आणि पुढे तिथेही घोड्यांना थोडे थोडे विष टोचून प्रतिविष काढले जाऊ लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच औषध, ही आपल्याकडची पद्धत आजही चालू आहे. या औषधाने असंख्य जीव वाचवले. पण ते दंश झाल्यानंतरचे. दंशच होऊ नये म्हणून पायात काय घालायचे, हा प्रश्न तसाच मागे पडला.

पाय गुंडाळण्याची एक देशी सोय मात्र साहेबाने उचलली. हिमालयाकडे पायाला कापडी पट्टी गुंडाळत, तीच इंग्रजीत ‘पटी’ होऊन फौजेत शिरली आणि पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या पोटऱ्यांवर चढली. जाड लोकरीच्या अनेक वेढ्यांतून फुरशाचे किंवा नागाचे छोटे दात आत जाणे अवघड. मोठ्या घोणसाचा दात दीड सेंटीमीटरच्या आसपास भरतो, त्याच्यापुढे कापडाची खात्री देता येत नाही. त्याला जाड रबर किंवा चामडेच हवे.

रबराचा गुडघ्यापर्यंतचा बूट युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तयार होतो. आपल्याकडे गमबूट म्हणून तो गटारे साफ करणाऱ्यांच्या आणि कारखान्यातल्या कामगारांच्या पायात दिसतो, शेतात क्वचितच. त्याला कारण आहे. भातलावणीच्या चिखलात बूट रुतून बसतो, पाय बाहेर येतो आणि बूट आतच राहतो. कोकणातली बाई इरले घेऊन तरवा लावते तेव्हा डोके, पाठ, कंबर सगळे पावसापासून झाकलेले असते. पाय तेवढे चिखलात उघडे. म्यानमारमध्ये भातशेतीत घोणसाचा फार उपद्रव आहे. तिथे शेतकऱ्यांना हलके बूट देऊन ते वापरतात का, हे तपासून पाहण्याचा प्रयोग झाला. बूट शेतकऱ्याच्या कामाला जुळला पाहिजे, हे निदान तिथे कुणाला तरी सुचले.

बूट घातला की सगळे साप टळले असेही नाही. मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला डसते, तिथे खाट आणि मच्छरदाणी उपयोगी. सह्याद्रीतला हिरवा चापडा फांदीवर असतो, तो हाताला किंवा तोंडाला डसण्याची भीती. पण घोणस आणि फुरसे हे दोघे पायाचे शत्रू आहेत, आणि महाराष्ट्रातल्या शेतमजुराची गाठ मुख्यतः यांच्याशीच पडते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने २०२४ साली जाहीर केला. महाराष्ट्रात सर्पदंशाने शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी सातबारा मृताच्या किंवा त्याच्या घरातल्या कुणाच्या नावावर हवा. दुसऱ्याच्या बांधावर गवत कापणाऱ्या भूमिहीन बाईचा त्यात विचार नाही.

चिखलात बूट चालत नसतील तर नसोत. पण बांधावरचे गवत, काजूचा पातेरा, गडग्याची डागडुजी, ऊसतोड ही कामे कोरड्यावरची आहेत. यंदा या कामांना माणसे लावणार असाल, तर मजुरी ठरवतानाच प्रत्येकाच्या मापाचे गुडघ्यापर्यंतचे बूट आधी घेऊन ठेवा.