विश्वासाने नीतिमान ठरणे

मनुष्य परमेश्वरासमोर निर्दोष गणला जातो तो आपल्या सत्कर्मांच्या, व्रतवैकल्यांच्या वा दानधर्माच्या बळावर नव्हे, तर ख्रिस्ताच्या ठायी ठेवलेल्या विश्वासाने आणि ईश्वराच्या निर्हेतुक कृपेने, असे प्रतिपादन करणारा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील सिद्धांत. पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेली पत्रे हा त्याचा मूलाधार असून, याकोबाच्या पत्रात कर्मांचा घेतलेला कैवार हा त्यावरील सर्वांत जुना आक्षेप होय. पौलाचा युक्तिवाद न्यायकचेरीच्या रीतीने चालतो. फिर्याद खरी आहे, आरोपीला जबाब देता येत नाही, आणि तरीही दुसऱ्याने त्याची शिक्षा स्वतःवर घेतल्यामुळे न्यायाधीश त्याला बाइज्जत मुक्त करतो.

सोळाव्या शतकात मार्टिन लूथरने हे तत्त्व ख्रिस्ती धर्माच्या केंद्रस्थानी आणले आणि १५२२ च्या आपल्या जर्मन भाषांतरात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, मुळात नसलेला, ‘केवळ’ या अर्थाचा शब्द घातला. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी त्याला उत्तर दिले : कृपेचा प्रारंभ ईश्वराकडून होतो हे खरे, परंतु ती मनुष्याचे अंतरंग पालटते व त्याच्या सहकार्याने वाढीस लागते, केवळ विश्वास पुरेसा आहे असे म्हणणे धर्मबाह्य होय. वादाचा गाभा एवढाच, की मनुष्य नीतिमान ठरवला जातो की नीतिमान केला जातो.

या वादाशी नाते असलेल्या अँग्लिकन, मेथडिस्ट व कॅथलिक या तीन परंपरा एकाच जुन्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत, येऊन स्थिरावल्या, ही गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून सहसा निसटते. चांदा शहरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेले मिशन स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे होते. या चर्चने १८०४ साली इंग्लंडच्या चर्चची एकोणचाळीस कलमे स्वीकारली होती, आणि त्यांतील अकरावे कलम हा सिद्धांत निःसंदिग्धपणे सांगते. परंतु संस्कारविधी, बिशपांची परंपरा व प्रभुभोजन यांना तेथे असलेले महत्त्व पाहता, लूथरचा आवेश त्या मिशनकडून अपेक्षिणे व्यर्थ होते. याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, प्राणहितेच्या काठच्या सिरोंच्यात, अमेरिकन मेथडिस्टांनी ठाणे मांडले. त्यांचा आद्यपुरुष जॉन वेस्ली याला २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये जी अंतःप्रचीती आली, ती लूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचली जात असता आली होती. तिसरी परंपरा केरळातून आली. १९६२ साली सिरो-मलबार कॅथलिकांसाठी चांदा हे स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण झाले, १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि त्याचे मुख्यालय बल्लारपूर झाले. या मंडळींच्या पूर्वजांचा लूथरच्या भांडणाशी सुतराम संबंध नव्हता. १५९९ च्या उदयंपेरूर येथील धर्मसभेत पोर्तुगीजांनी ट्रेंटचे निर्णय त्यांच्या माथी मारले तेव्हा तो जडला.

चांद्याच्या मिशनात प्रारंभीच्या काळात काम केलेले नीलकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोरे (१८२५–१८९५) हे या प्रश्नाच्या मराठी इतिहासातील पहिले महत्त्वाचे नाव. १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतलेले हे चित्पावन पंडित प्रॉटेस्टंट शिकवणीतून हळूहळू उच्चचर्चीय मताकडे झुकले, आणि श्रद्धेइतकाच चर्चच्या अधिकाराचा आधार त्यांना आवश्यक वाटू लागला. त्यांच्याच लेखनाने पंडिता रमाबाईंच्या मनातील शंका फिटल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढचा प्रवास मात्र रमाबाईंनी गोऱ्यांना सोडून केला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडला नाही, ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली. आणि ती होण्यास विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र कारणीभूत झाले, ज्याला स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःच प्रवचन करीत असता, आपले तारण झाल्याची प्रचीती आली होती. रमाबाईंचे १९०७ चे निवेदन हे या सिद्धांताचे मराठी स्त्रीने दिलेले सर्वांत स्वच्छ साक्षीपत्र होय. त्यात तर्कपांडित्य नाही, आणि ते नसणे हेच त्याचे बळ आहे.

याच जिल्ह्याच्या वनप्रदेशातील गोंड समाजाला हा विचार कितपत जवळचा वाटावा, याचा निर्णय ग्रंथांपेक्षा त्यांच्या रूढींवरून करणे बरे. जातीबाहेर टाकलेल्या मनुष्याला परत घेण्यापूर्वी पंच त्याच्याकडून दंड वसूल करीत आणि जातीला जेवण घालण्याची त्याच्यावर सक्ती असे. बकरा त्याचा, मोहाची दारू त्याची, आणि ताटे वाढली गेली की तो पुन्हा आपला. म्हणजे अपराध्याचा पुनःप्रवेश त्याच्या स्वतःच्या खर्चाने होई. ख्रिस्ताच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात दोषी मुलगा परत येतो, तेव्हा मेजवानीचा खर्च ज्याचे नुकसान झाले तो बापच सोसतो. ज्याला पंचांचा दंड ठाऊक आहे त्याला या विपर्यासातील धक्का जितका जाणवेल, तितका तो धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वचितच जाणवतो. अपराधी फुकट सुटला तर जातीची शिस्त राहील कशी, हा ज्येष्ठ पंचाचा प्रश्न मूलतः याकोबाचाच आहे. त्यावर इंग्लंडच्या चर्चच्या बाराव्या कलमाचे उत्तर असे, की सत्कर्मे हे विश्वासाचे फळ होय, त्याची किंमत नव्हे.

अलीकडच्या काळात मतभेदाची धार बोथट झाली आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या, २००६ साली मेथडिस्टांच्या जागतिक परिषदेने त्याला संमती दिली आणि २०१६ साली अँग्लिकन सल्लागार मंडळाने त्यातील आशयाला अनुमोदन दिले. चांद्याचे जुने मिशन ज्या अँग्लिकन परंपरेतले, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये विलीन झाली आणि ते चर्च अँग्लिकन परिवारातच राहिले असल्याने, जिल्ह्यातील तिन्ही परंपरा आता या मूलभूत मुद्द्यावर सहमत आहेत असे म्हणता येते. मात्र अमेरिकन मेथडिस्ट त्या एकीकरणात सामील झाले नाहीत, आणि बल्लारपूरच्या वेदीवरचा प्रभुभोजनाचा प्रसाद इतर पंथांच्या ख्रिस्ती मनुष्याला सामान्यतः दिला जात नाही.