यमुना ते यमू
बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ या दोन्ही कादंबऱ्यांचा विषय विधवांची दुःस्थिती हाच होय. तथापि पदमनजींची यमुना मुख्यतः प्रवासात इतरांची दुःखे पाहणारी साक्षी आहे. तिच्या मताचा कल आरंभीच ठरलेला असतो. उलट, १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या हरिभाऊंच्या कादंबरीत यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. बालपण, सासरचा जाच, मुंबईतील पतिसहवासाचे अल्प सुख, वैधव्य आणि सक्तीचे केशवपन या क्रमाने तिची जाणीव वाढत जाते. त्यामुळे सुधारणेचा पक्ष उपदेशाने नव्हे, तर तिच्या अनुभवाने सिद्ध होतो. पात्राची सजीवता गुणदोषांच्या गणतीत नसून जाणिवेच्या अशा विकासात असते, हे मराठी कादंबरीने येथे प्रथम ठसठशीतपणे दाखविले, असे म्हणावेसे वाटते.