मेलबर्नचे न उरलेले चित्र

अंबाजोगाईला आमच्या परिचयाचे एक निवृत्त क्रीडाशिक्षक राहतात. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण फुटबॉलचा विषय निघाला की ते हटकून एकाच सामन्यावर येतात. "नेव्हिल डिसूझाची हॅट्ट्रिक मी पाहिलेली आहे. अनवाणी पोरं होती आपली. बूटवाल्या गोऱ्यांना एकट्यानं तीन गोल हाणले!" हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून निदान दहा वेळा ऐकले असेल. दर वेळी ऐकताना अंगावर काटा येतो, आणि दर वेळी मनात एक अडचणही उभी राहते. सरांनी तो सामना पाहिलेला असणे शक्य नाही. शिवाय त्या सामन्यात आपली पोरे अनवाणी नव्हती.

वृद्ध माणसाची चूक काढून दाखवणे हा या लेखाचा हेतू नव्हे. तसे करायला आम्हांला धीरही झाला नसता. पण जे चित्र मागे उरलेच नाही, त्याच्या जागी माणसे दुसरे कोणते चित्र आणून बसवतात, हा प्रश्न त्या एका वाक्यामुळे आमच्या डोक्यात बरीच वर्षे घोळतो आहे.

प्रथम सामन्याविषयी. दिनांक १ डिसेंबर १९५६, शनिवार, मेलबर्नचे ऑलिंपिक पार्क. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारत न खेळताच उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता, आणि समोर यजमान ऑस्ट्रेलियाचा संघ होता. नेव्हिलने भारताला दोनदा पुढे नेले, ऑस्ट्रेलियाने दोनदा बरोबरी साधली. मध्यंतरानंतर नेव्हिलने तिसरा गोल केला, चौथा किट्टूचा. निकाल ४-२. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी गाठणारा हा आशियातला पहिला संघ. पुढे युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल नेव्हिलनेच केला, पण सामना ४-१ असा हातचा गेला. तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून ०-३ हार पत्करावी लागली. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिल होता, प्रत्येकाचे चार गोल. नेव्हिल मूळचा गोव्याचा, खेळाने मुंबईचा. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे. संघात पीटर थंगराज, नूर मोहम्मद, तुलसीदास बलराम अशी हैदराबाद-सिकंदराबादकडची मंडळी होती.

आता बीडकडे येऊ. वाचकांना वाटेल, मेलबर्नच्या सामन्याशी बीडचा काय संबंध? संबंध एका तारखेचा आहे, आणि तो आम्हांला फार मोलाचा वाटतो. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पोलीस कारवाईनंतरही तो हैदराबाद राज्यातच राहिला. नोकरी, खटला, मोठे इस्पितळ, सगळ्यासाठी तोंड हैदराबादकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाड्यासह बीड द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, हैदराबादच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली मुंबईच्या खेळाडूने ती हॅट्ट्रिक केली. एक महिना आधीपर्यंत आमचे असलेले राज्य आणि एका महिन्यापासून आमचे झालेले राज्य, दोन्ही त्या गोलांत एकत्र आली. बीडकराला त्या दिवशी दोन्हीकडून अभिमान वाटायला हरकत नव्हती.

हैदराबादच्या फुटबॉलचा अभिमान तर आधीपासूनचा. रहीमसाहेब पेशाने शिक्षक. १९४३ पासून हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत येऊन रोव्हर्स चषक जिंकला. रोव्हर्स ही १८९१ पासूनची स्पर्धा, कूपरेजच्या मैदानाचे वैभव. या शतकाच्या आरंभी ती बंद पडली. ती पाच विजेतेपदे कूपरेजच्या प्रेक्षकांनी पाहिली, बाकीच्यांनी वाचली. मुंबईत दूरचित्रवाणी यायला अजून अठरा वर्षे होती. तेथे हरवण्यासारखे चित्रमुद्रण नव्हतेच.

मेलबर्नची गोष्ट अधिक हुरहूर लावणारी आहे, कारण तेथे दूरचित्रवाणी होती. शहरातले पहिले केंद्र ४ नोव्हेंबर १९५६ ला सुरू झाले आणि २२ नोव्हेंबरला ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. जेमतेम तीन आठवड्यांचे ते माध्यम. संच मोजक्या घरांत. लोक दुकानांच्या काचेबाहेर उभे राहून स्पर्धा पाहत. पण त्या काळी पडद्यावर दिसणे आणि जतन होणे यांचा परस्परसंबंध नव्हता. कॅमेऱ्यातून निघालेला संदेश मनोऱ्यावरून हवेत जाई, संचावर उजळे आणि विरून जाई. तो राखून ठेवायचा तर एकच वाट होती: पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून पडद्याचेच चित्रण करायचे. ते खर्चाचे, धूसर आणि कटकटीचे काम. त्यामुळे ते मोजक्या प्रसंगांपुरते होई.

चुंबकीय फितीवर चित्र उतरवण्याचे यंत्र मात्र त्याच वर्षी अमेरिकेत तयार झाले होते. अँपेक्स कंपनीचे ते यंत्र सीबीएस वाहिनीने प्रत्यक्ष प्रक्षेपणासाठी प्रथम वापरले तो दिवस ३० नोव्हेंबर १९५६. न्यूयॉर्कहून येणारे बातमीपत्र फितीवर उतरवून पश्चिम किनाऱ्यासाठी उशिराने दाखवण्यात आले. पॅसिफिकच्या त्या काठावर ३० नोव्हेंबरची दुपार होती, तेव्हा मेलबर्नला १ डिसेंबर उजाडलेला होता. म्हणजे जगात चित्रफितीचा पहिला सार्वजनिक वापर आणि नेव्हिलची हॅट्ट्रिक ही दोन्ही एकाच दिवसात बसतात. फक्त मधे अख्खा महासागर होता. इतिहासाला अशी क्रूर थट्टा कशी सुचते, कोण जाणे.

त्यात आणखी एक विघ्न. मेलबर्नच्या संयोजकांना चित्रणाच्या हक्कांचे पैसे हवे होते. परदेशी वृत्तपट कंपन्या आणि दूरचित्रवाणी संस्थांचे म्हणणे असे की ही बातमी आहे, बातमीला दाम कसला? तडजोड झाली नाही आणि त्यांनी बहिष्कार घातला. ज्या वृत्तपटांतून पूर्वीची ऑलिंपिक जगभरच्या चित्रपटगृहांत पोचत, ते मेलबर्नच्या बाबतीत बव्हंशी मुके राहिले. साऱ्या स्पर्धेचा एक अधिकृत चित्रपट निघाला. पण डझनावारी खेळांच्या त्या गर्दीत एका फुटबॉल सामन्याच्या वाट्याला येणार किती? खेळांच्या प्रक्षेपणाचे हक्क आज अब्जावधी रुपयांना विकले जातात, त्या भांडणाचा आरंभ शोधायचा तर मेलबर्नला जावे लागते. त्या आरंभाची किंमत कोणी मोजली, याच्या यादीत आमच्या मते नेव्हिलचे नाव असायला हवे.

हे दुर्दैव एकट्या भारताचे नाही. बीबीसीने फुटबॉल प्रथम पडद्यावर आणला तो १६ सप्टेंबर १९३७ ला, आर्सेनल आणि त्यांचाच राखीव संघ यांच्यातल्या प्रात्यक्षिक खेळाने. त्याचे प्रक्षेपण त्याच क्षणी संपले. पुढे फिती आल्या तरी त्या महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येणाऱ्या. म्हणून पुसल्या गेल्या. १९५४ च्या विश्वचषकाचा बर्न येथला अंतिम सामना घ्या. पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३-२ असे हरवले, आणि युद्धानंतरच्या जर्मनीचा जणू पुनर्जन्म त्या दिवशी झाला असे तेथले लोक मानतात. त्या सामन्याचे दूरचित्रवाणीवरचे संपूर्ण प्रक्षेपण आज अस्तित्वात नाही. उरले आहे ते हर्बर्ट झिमरमन यांचे नभोवाणीवरचे धावते वर्णन आणि चित्रपटाच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले तुकडे. आज जे 'पाहिले' जाते ते बरेचदा त्या आवाजाला जोडलेले हे तुकडे असतात. अखेरच्या मिनिटांत पुस्कासने केलेला बरोबरीचा गोल ऑफसाइड ठरवला गेला. तो खरोखर ऑफसाइड होता काय, यावर हंगेरीत अजून वाद घालता येतो, तो यामुळेच. आपल्याकडे कपिल देवच्या टनब्रिज वेल्सच्या नाबाद १७५ धावांची (१८ जून १९८३) कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून तिच्यात शिरत नाही.

आपल्या दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे. आमचे सर मेलबर्नचा सामना पाहूच शकले नसते, ते एवढ्यावरूनच उघड आहे. पुढच्या काळात दूरदर्शननेही टंचाईपायी फिती पुसून पुन्हा वापरल्या. यावर रागावून लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे, आणि आम्हीही एकेकाळी तसे बोलत असू. आता बोलवत नाही. कारण सांगतो.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाचे दुपारी बाराचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होत. वीज गेली की सामना आपल्यापुरता तेथेच संपे, मग मॅराडोना काय करतो आहे याचा अंदाज अंधारात बांधत बसायचे. अंतिम सामन्याच्या रात्री आमच्या घरी एका नातलगाचा व्हीसीआर मागून आणला होता. वीज टिकली, सामना कॅसेटवर उतरला. पुढे दोनेक वर्षे ती कॅसेट गल्लीभर फिरली. मग घरात लग्न निघाले, कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते म्हणा किंवा सुचले नाही म्हणा, आणि त्याच कॅसेटवर लग्नाचे चित्रण उतरवून घेतले. मंगलाष्टके संपून पंगती बसल्या की शेवटी काही क्षण अ‍ॅझ्टेक मैदानाचे गवत दिसते, तेवढाच अर्जेंटिना आमच्याकडे शिल्लक आहे. कोणी मागितली असती तर ती कॅसेट आम्ही तेव्हाही आनंदानेच पुसली असती. लग्न आमचे होते. सामना सरकारी केंद्रात कोणीतरी जपून ठेवलाच असेल, असे आम्ही गृहीत धरले. केंद्रातला माणूसही बहुधा असेच काहीतरी गृहीत धरत असावा. असो.

पण चित्र नसले म्हणून जागा रिकामी राहत नाही, आणि येथे आम्ही सरांच्या अनवाणी पोरांकडे परत येतो. अनवाणी भारतीय संघ खोटा नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, दोन पेनल्टी वाया घालवून १-२ असे हरले आणि वाहवा मिळवून परतले. १९५२ ला हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मेलबर्नला गेलेला संघ बूट घालूनच खेळला, आणि रहीमसाहेबांनी घोटवून घेतलेल्या आखणीने खेळला. हे खेळाडू अनवाणी होते असे म्हणण्यात वरवर कौतुक आहे, पण त्या कौतुकात त्यांची मेहनत आणि त्यांच्या गुरूची बुद्धी या दोन्ही गोष्टी पुसल्या जातात. उरतो तो भाबडा चमत्कार. १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो अनवाणी खेळण्यावर बंदी होती म्हणून, ही दंतकथाही याच मातीतली. वास्तविक त्या काळच्या आपल्या संघटनेला विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकच थोर वाटत होते.

२०२४ मध्ये 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला. त्यात अजय देवगण रहीमसाहेब झाले आहेत, आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतले सुवर्णपदक हा त्याचा कळस आहे. त्यातले सामने अर्थातच नव्याने रचून चित्रित केलेले. चित्रपट आम्हांला आवडला, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण थिएटरातून बाहेर पडताना शेजारची मुले 'रहीमसर' म्हणून ज्यांच्याविषयी बोलत होती, त्यांचा चेहरा देवगण यांचा होता. आणखी वीस वर्षांनी त्यांतले कोणी शपथेवर सांगेल की जकार्ताचा सामना मी पाहिला आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही अंबाजोगाईला गेलो, तेव्हा १९५६ च्या संघाचे एक जुने छायाचित्र छापून बरोबर नेले होते. न्यावे की नाही यावर घरात थोडा वाद झाला होता. सरांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ धरला. खेळाडूंच्या पायांवरून बोट फिरवत नेले, एकेका बुटापाशी थांबत.

"मग मी कोणाला पाहिलं?" ते म्हणाले.

आम्ही गप्प राहिलो. आतून चहा आला. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी आपणहून सांगितले, की त्या दिवसांत हैदराबादचा उर्दू पेपर त्यांच्या घरी मोटारीने यायचा, एक-दोन दिवस शिळा. वडील ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचे. मुलांना उर्दू नीट समजत नसे, म्हणून मधेमधे थांबून मराठीत सांगायचे. तिसऱ्या गोलाच्या वेळी ते उठून उभे राहिले होते.

"बूट होते का, ते काही त्यांनी सांगितलं नाही," सर म्हणाले.