भाकरी खाऊनही पेलाग्रा?
वाशीम जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला. ज्वारीची भाकरी मात्र या मुलखात फार जुनी. पण नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांना दख्खनच्या पठारावर पेलाग्रा होत असे : उघड्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, पुढे बुद्धिभ्रंश.

अमेरिकेतील मका खाणाऱ्या गरिबांत गोल्डबर्गर यांनी या रोगाचे मूळ आहारात शोधले. १९३७ मध्ये नायसिन हा त्यावरचा उपाय ठरला. शरीर ट्रिप्टोफॅनपासूनही नायसिन बनवते. मक्यात ट्रिप्टोफॅन फार कमी, ज्वारीत तितके कमी नाही. मग हा रोग का? हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या जादा ल्यूसिनकडे बोट दाखवले. नंतरच्या सर्वच प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. भाकरीबरोबर वरण किंवा शेंगदाण्याची चटणी असेल, तर मात्र हा रोग सहसा फिरकत नाही.