रिकामी खुर्ची आणि चकत्यांची रास

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या आधाराने पाडव्याच्या रात्री पुष्कळ सोवळ्या घरांतही पत्त्यांचा डाव बसतो. शाळामास्तर असूनही मी तीन पत्तीला बसत आलो आहे. पालकांनी क्षमा करावी! त्या डावात एक गोष्ट लहानपणीच ध्यानात येते. ज्याच्यापुढे पैशांची रास मोठी, तो हाती कसलीही पाने असोत, चाल वाढवीत जातो. आणि बरी पाने धरून बसलेला आपल्यासारखा माणूस हळूच ‘पॅक’ म्हणतो.

या राशीच्या जोराची खरी कसोटी पाहायची तर अमेरिकेतील लास व्हेगास शहरी जावे लागते. तेथे बेनी बिनियन यांच्या हॉर्सशू नामक जुगारगृहात १९७० साली पोकरची जागतिक मालिका सुरू झाली. मुख्य स्पर्धेसाठी पुढे कित्येक वर्षे प्रत्येकाला दहा हजार डॉलर भरावे लागत आणि तितक्याच किमतीच्या चकत्या घेऊन बसावे लागे. आपल्याकडे हरलेला काका पुन्हा खिशात हात घालतो. येथे ती सोय नाही. चकत्या संपल्या की खुर्ची सोडायची. मध्येच चकत्या मोडून पैसे घेऊन घरी जाणेही नाही. बक्षीस मिळते ते शेवटी, आणि क्रमांकाप्रमाणे.

यातला हिशेब मोठा मौजेचा आहे. १९९७ साली ३१२ खेळाडू बसले, म्हणजे मांडावर ३१,२०,००० डॉलरच्या चकत्या होत्या. त्या सगळ्याच्या सगळ्या ज्याने जिंकल्या त्याला मिळाले दहा लाख, आणि ज्याच्यापाशी अखेरीस एकही उरली नाही, त्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला ५,८३,०००! म्हणजे चकत्या दुप्पट झाल्या तरी त्यांचे मोल दुप्पट होत नाही. गेल्या तर मात्र पुढची सगळी आशा जाते. म्हणून मध्यम राशीचा खेळाडू सर्वांत भित्रा. आणखी दोघे उठले की आपला क्रमांक वर सरकेल, या हिशेबात तो असतो. अगदी कंगाल झालेला भीत नाही. पाळीपाळीने भरावी लागणारी सक्तीची पैज त्याला खाणारच असते, मग तो सगळे झोकून देतो. मोठ्या राशीच्या शहाण्या धन्याने कंगालाला उगाच डिवचू नये, आपल्या तोलाच्या राशीशी विनाकारण टक्कर घेऊ नये, मधल्यांना मात्र श्वास घेऊ देऊ नये.

ही विद्या स्टू उंगर या माणसाइतकी क्वचितच कोणाला साधली असेल. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत १९५३ साली जन्मलेला हा किरकोळ देहाचा गृहस्थ १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षे मुख्य स्पर्धा जिंकला. पुढे अमली पदार्थांनी त्याला ग्रासले. १९९० साली बिली बॅक्स्टर या मित्राने त्याचे पैसे भरले. उंगरने दोन दिवसांत प्रचंड रास जमवली आणि तिसऱ्या दिवशी तो आलाच नाही. हॉटेलातील खोलीत अमली पदार्थांच्या अतिसेवनाने बेशुद्ध पडलेला सापडला.

नियमाप्रमाणे त्याची पाने वाटली जात होती आणि सक्तीच्या पैजा राशीतून काढल्या जात होत्या. खुर्ची रिकामी, समोर चकत्यांचा ढीग! दिवाळे निघालेल्या पेढीच्या बंद दारासारखे ते दृश्य मला वाटते. ढीग झिजत राहिला, इकडे जिवंत माणसे एकमेकांना बाद करीत राहिली, आणि १९४ खेळाडूंत उंगर नववा आला. बक्षीस २०,५०० डॉलर. एवढ्या राशीने धन्यावाचून एवढेच केले. तिची भीती कोणाला वाटली नाही, कारण ती पुढे सारणारा हात तिथे नव्हता.

सात वर्षांनी तोच मित्र, तीच स्पर्धा. पहिल्या दिवशी उंगर बसल्या जागी पेंगत होता. व्यसनाने नाकाची झालेली दुर्दशा लपवायला डोळ्यांवर निळा चष्मा, आणि पाकिटात मुलीचे छायाचित्र. अखेरचे सहाजण फ्रीमॉंट रस्त्यावर उघड्यावर खेळायला बसले, तेव्हा एकूण चकत्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा त्याच्यापुढे होता.

इतरांनी अशा वेळी रास जपली असती. मीही जपली असती. प्रॉव्हिडंट फंडावर डोळा ठेवणाऱ्या माणसाकडून दुसरे काय होणार? उंगरने ती दामटली. त्याच्या तोडीला येऊ पाहणाऱ्या रॉन स्टॅन्लीशी एक डाव अडला. मी वर सांगितलेला टक्कर टाळण्याचा नियम त्याने येथे धाब्यावर बसवला, पण विनाकारण नव्हे: समोरचा माणूस कचरतो आहे हे त्याने ओळखले होते. मांडावर एक्का, राजा उघडे होते. उंगरच्या हाती राणी आणि दश्शी, म्हणजे काहीच नाही. त्याने दोन लाखांवर पैज सारली. स्टॅन्लीने नव्व्यांची जोडी टाकून दिली. मग उंगरने आपली पाने उलटून सर्वांना दाखवली. पाने दाखवण्याची काही सक्ती नव्हती. पण त्यानंतर स्टॅन्ली पूर्वीसारखा खेळू शकला नाही, चौथा आला. शेवटच्या डावात जॉन स्ट्रझेम्पपाशी एक्का-अठ्ठी होती, उंगरपाशी एक्का-चव्वी. अखेरच्या पानाला दुरी पडली, एक्क्यापासून पंजीपर्यंत क्रम जुळला, आणि उंगर तिसऱ्यांदा जगज्जेता झाला.

बक्षिसाचे पैसे काही महिन्यांतच संपले. १९९८ साली बॅक्स्टर पुन्हा दहा हजार भरायला तयार होता. स्पर्धा सुरू व्हायला दहा मिनिटे असताना उंगरने, आपण फार थकलो आहोत, खेळवत नाही, असे सांगितले. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला लास व्हेगासमधल्या एका स्वस्त मोटेलच्या खोलीत तो मृतावस्थेत सापडला. वय ४५.