ट्यूब गेली, ठिगळ बदललं

पंक्चर काढताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. टायरची कड पट्टीने बाहेर काढायची, ट्यूब ओढायची, हवा भरून पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे खूण करायची, जागा घासायची, सोल्युशन लावून ठिगळ दाबायचं. पंधरा मिनिटांचं काम. हेही कोणाला तरी शोधून काढावं लागलं असेल, असं आपल्या मनातही येत नाही.

पण शोधावं लागलं. बेलफास्टमधला गुरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्याच्या टायरमध्ये रबरी नळी होती, पण ती कापडात गुंडाळून चाकाला चिकटवलेली असे. टायर चालवायला मऊ आणि वेगवान होता. १८८९ मध्ये विली ह्यूमने बेलफास्टच्या शर्यती या टायरवर जिंकल्या आणि सगळ्यांना तो हवासा झाला. अडचण एकच होती. पंक्चर झालं की आतल्या नळीपर्यंत पोहोचायला सगळं सोलून काढावं लागे.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्लेर्मों-फेराँ इथल्या मिशेलिन बंधूंच्या रबर कारखान्यात एक सायकलस्वार असाच पंक्चर झालेला टायर घेऊन आला. मिशेलिन कंपनी हा किस्सा आजही सांगते : दुरुस्तीला तीन तास लागले, वर डिंक वाळायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिन ती सायकल घेऊन निघाला आणि थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसला. टायर चांगला आहे, पण तो चाकावरून सुटा झाला पाहिजे, हे त्याच्या लक्षात आलं. १८९१ मध्ये मिशेलिनने सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत पहिल्यांदा झाली आणि शार्ल तेराँ मिशेलिनच्या टायरवर ती जिंकला. त्यालाही वाटेत पंक्चर झालंच. पण ते वाटेतच काढता आलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. अमेरिकेत ती भलत्याच वळणावर गेली.

१८९३ मध्ये पार्डन टिलिंगहास्ट याने ‘सिंगल ट्यूब’ टायरचं पेटंट घेतलं. यात वेगळी ट्यूब नव्हतीच. रबर आणि कापडाची एकच जाड नळी रिमला चिकटवलेली असे. अर्थाने पाहिलं तर हा ट्यूबलेसच. बारीक भोक पडलं तर त्यात सोल्युशन लावलेला रबरी खुंटा ठोसायचा. आज स्कूटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चरवाला चिकट दोरी ठोसतो ना, तिचा हा पूर्वज. आत ओतून भोक बुजवणारी द्रव्यंही विकली जात. बफेलो शहरातलं ‘नेव्हरलीक’ त्यांतलं एक. म्हणजे प्लग आणि सीलंट या आजच्या दोन्ही युक्त्या तेव्हाच हजर होत्या.

तरी तो टायर चांगला नव्हता, कारण मोठं भोक पडलं की पुढचा मार्गच बंद. आत ठिगळ लावायला हात जात नाही आणि सुटी ट्यूब घालायला टायर उघडत नाही. युरोपने सुटा टायर धरून ठेवला. अमेरिकेत मोठी माणसं मोटारीकडे वळली, सायकल मुलांची झाली आणि सिंगल ट्यूब टायर टिकून राहिला. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीने आत ट्यूब असलेला जाड बलून टायर आणला, तेव्हा कुठे चित्र बदललं. मधली चाळीस वर्षं चिकटवलेल्या टायरशी झटापट करत होती ती मुलं; टायर कुठला बसवायचा हे ठरवणारे वेगळे होते.

ट्यूबलेस सायकलवर परतला तो १९९९ मध्ये. माव्हिकने मिशेलिन आणि हचिन्सनबरोबर ‘यूएसटी’ नावाची पद्धत आणली : आतून हवाबंद रिम आणि हवा न सोडणारा खास टायर. २००१ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅन कोझिआटेकने साध्या रिमला पट्टी लावून आत लेटेक्सचं सीलंट ओतायची सोय विकायला सुरुवात केली. काटा घुसला की हवेबरोबर सीलंट बाहेर धावतं, भोकातच गोठतं आणि आपल्याला कळतही नाही.

मी पुण्यात दिवसभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी लांब सायकल चालवतो. माझी दोन्ही चाकं ट्यूबलेस आहेत. पंक्चरचं काम संपलं असं लोकांना वाटतं. खरं तर ते रस्त्यावरून घरी आलं आहे. सीलंटमधलं पाणी हळूहळू उडतं, आपल्या उन्हाळ्यात जरा लवकरच. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी हवा सोडायची, व्हॉल्व्ह तळाशी आणून त्याचा आतला भाग काढायचा आणि बारीक काडी घालून पाहायची. ओली निघाली तर ठीक. कोरडी निघाली तर व्हॉल्व्हमधूनच नवं सीलंट भरायचं. रोडबाइकच्या बारीक टायरला साधारण ३० मिली, माउंटन बाइकच्या जाड टायरला त्याच्या दुपटीहून जास्त. हे चुकवलं तर टायर ट्यूबलेस असतो खरा, पण काट्यापुढे निराधार.

सीलंटने न बुजणाऱ्या भोकासाठी प्लग. आणि टायर कडेने फाटलाच तर? आतून जाड कापडाचा तुकडा लावायचा, व्हॉल्व्ह काढायचा आणि साधी ट्यूब घालून घरी यायचं. सिंगल ट्यूब टायरमध्ये नेमकी हीच सोय नव्हती. आमच्या कामात कोणी ‘ही सिस्टिम पडणारच नाही’ म्हणालं की आम्ही विचारतो, पडली तर परत उभी कशी करायची? टिलिंगहास्टच्या टायरकडे याचं उत्तर नव्हतं. आजचा ट्यूबलेस टिकला, कारण एदुआर मिशेलिनची अट त्याने मोडली नाही : टायर अजूनही हाताने सुटा होतो.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस आता शर्यत राहिलेली नाही. दर चार वर्षांनी ९० तासांच्या आत पुरी करायची ती राइड असते आणि आपल्याकडचे सायकलस्वारही तिथे जातात. त्यांच्यातल्या ट्यूबलेसवाल्यांची सीटखालची पिशवी उघडून पाहा. प्लग असतील, सीलंटची छोटी बाटली असेल आणि तळाशी घडी घातलेली एक ट्यूब.

तुम्ही ट्यूबलेस घ्यायला निघाला असाल, तर तीही आजच घेऊन ठेवा.